मूत्राशयातल्या खड्याचं ऑपरेशन: ओटीत नव्याने आलेल्यांसाठी शब्द, अवजारं आणि ट्रॉली

युरॉलॉजीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, पहिल्यांदा ड्यूटी लागली की नावांनीच डोकं गरगरतं. यादीवर एका पेशंटसमोर ‘सिस्टोलिथोट्रिप्सी’, दुसऱ्यासमोर ‘सिस्टोलिथोलापॅक्सी’, तिसऱ्यासमोर नुसतंच ‘व्हेसायकल कॅल्क्युलस’. आत गेल्यावर सर्जन ‘पंच द्या’, ‘एलिक भरून ठेवा’, ‘ब्रिज बदला’ असं पटापट मागत जातात आणि नवा माणूस ट्रॉलीवरच्या लांबलचक, एकसारख्या दिसणाऱ्या नळ्यांकडे बघत राहतो. मीही तिथूनच गेले आहे. म्हणून स्क्रब नर्स, ओटी टेक्निशियन आणि इंटर्न यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: हा खडा, किंवा त्याचे तुकडे, बाहेर कोणत्या वाटेने येणार? खडा फोडणं हे निम्मंच काम आहे. ते यंत्र करतं आणि दिसायलाही झकास दिसतं. वेळ जातो तो तुकडे काढण्यात, आणि नेमकी तीच अवजारं नवीन माणूस मांडायला विसरतो. बाहेरची वाट ठरली की ट्रॉली आपोआप ठरते.

कोणती पद्धत वापरायची हे सर्जन ठरवतात, आणि तुमच्या संस्थेचे नियम या लेखाच्या वर आहेत, हे वेगळं सांगायला नको.

१. यादीतलं नाव उलगडून वाचा

नावाचा पुढचा भाग जागा सांगतो. ‘सिस्टो’ म्हणजे मूत्राशय, ‘लिथो’ म्हणजे खडा. नुसतं ‘व्हेसायकल कॅल्क्युलस’ म्हणजे मूत्राशयातला खडा, ते ऑपरेशनचं नाव नाही. काम काय होणार ते शेपटीत असतं.

‘टॉमी’ म्हणजे चिरून उघडणं. सिस्टोलिथोटॉमी म्हणजे ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशय उघडून खडा अख्खा काढणं. इथे जनरल सर्जरीची ट्रॉली लागते.

‘ट्रिप्सी’ म्हणजे फोडणं. सिस्टोलिथोट्रिप्सी म्हणजे लेसर, न्यूमॅटिक किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने खडा फोडणं. बहुतेक वेळा मूत्रमार्गातून दुर्बीण घालून करतात.

‘लापॅक्सी’ म्हणजे रिकामं करणं. सिस्टोलिथोलापॅक्सी म्हणजे फोडायचं आणि तुकडे धुऊन बाहेरही काढायचे. व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. यादीवर ट्रिप्सी लिहिलेलं असलं तरी लापॅक्सीची तयारी ठेवा.

परक्युटेनियस सिस्टोलिथोट्रिप्सी, ओटीच्या बोलीत ‘पीसीसीएल’, म्हणजे ओटीपोटावरून मूत्राशयात लहानसं छिद्र पाडून तिथून फोडणं आणि काढणं. ट्रॉली मात्र जवळपास पीसीएनएलचीच, म्हणजे पाठीतून छिद्र पाडून किडनीतला खडा काढण्याच्या ऑपरेशनची.

‘ट्रान्सयुरेथ्रल’ म्हणजे मूत्रमार्गातून आणि ‘सुप्राप्युबिक’ म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी पुढे लागणाऱ्या हाडाच्या वरून. नावात यातला एक शब्द असेल तर बाहेरची वाट आयतीच लिहून मिळाली.

थोडं विषयांतर. हे ऑपरेशन शस्त्रक्रियेच्या इतिहासातल्या सर्वांत जुन्या ऑपरेशनांपैकी आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीवर विटपाकडून, म्हणजे गुदद्वाराच्या पुढच्या भागातून, छेद घेऊन खडा काढण्याचं वर्णन आहे. न चिरता, मूत्रमार्गातून अवजार घालून खडा फोडण्याचं काम पॅरिसमध्ये जाँ सिव्हिआल यांनी १८२४ साली करून दाखवलं. पण तुकडे पेशंटने लघवीतून आपले आपण टाकायचे, अशी तेव्हाची रीत होती. अमेरिकन सर्जन हेन्री बिगेलो यांनी १८७८ साली फोडणं आणि तुकडे ओढून काढणं एकाच बैठकीत आणलं, आणि लिथोलापॅक्सी हे नाव तिथून रूढ झालं. म्हणजे तुकड्यांची कटकट तेव्हाही होतीच.

२. पेशंट टेबलावर यायच्या आधी फाईल उघडा

फाईलमध्ये हे कागद आहेत का ते बघा:

- संमतीपत्र. दुर्बिणीचं ऑपरेशन असलं तरी ‘गरज पडल्यास ओपन’ हा उल्लेख त्यात हवा.
- लघवीचा कल्चर रिपोर्ट आणि कोणतं अँटिबायोटिक कधी दिलं त्याची नोंद.
- सोनोग्राफी, केयूबी (किडनी ते मूत्राशय दाखवणारा) एक्स-रे आणि काढला असेल तर सीटी स्कॅन.
- क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याच्या तपासण्या.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत की थांबवल्या, थांबवल्या तर कधीपासून.
- ॲलर्जीची नोंद, त्यात लेटेक्सचा वेगळा उल्लेख.

कल्चर रिपोर्ट नसेल किंवा त्यात जंतू दाखवले असतील आणि उपचार झाल्याची नोंद नसेल, तर ते तेव्हाच सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला. खड्याच्या आत जंतू दडलेले असतात. खडा फुटला आणि वरून पाण्याचा दाब पडला की ते रक्तात जाऊ शकतात, मग वॉर्डात गेल्यावर थंडी वाजून ताप भरतो. हा कागद नंतर येईल म्हणून सोडून देऊ नका.

लेटेक्सबद्दल जरा थांबून सांगते. जन्मतः मणक्याचा दोष असलेले पेशंट, वर्षानुवर्षं कॅथेटरवर असलेले पेशंट, आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं केलेले पेशंट यांना मूत्राशयात खडे वारंवार होतात. लेटेक्सची ॲलर्जीही याच मंडळींमध्ये जास्त सापडते. अशा केसमध्ये हातमोजे आणि कॅथेटर सगळं लेटेक्समुक्त लागतं, आणि ते आयत्या वेळी शोधत बसता येत नाही.

एक्स-रेबद्दल एक सापळा. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेवर दिसत नाही. ‘एक्स-रे कोरा आहे, मग ऑपरेशन कसलं?’ असं पेशंटच्या नातेवाइकांसमोर बोलून मोकळं होऊ नका. सोनोग्राफी बघा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेली सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट बहुतेक ओटींमध्ये भरतात. टाइम-आउटच्या वेळी, म्हणजे सुरू करण्याआधी सगळे थांबून खात्री करतात तेव्हा, नाव, ऑपरेशन, अँटिबायोटिक एवढ्यावर न थांबता, खडा किती मोठा आहे आणि प्रोस्टेटचंही काम सोबत करायचं आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्या. ट्रॉली त्यावरच अवलंबून असते.

३. फ्रेंच साइझ डोक्यात बसवा

युरॉलॉजीत जवळजवळ प्रत्येक नळीचं माप फ्रेंचमध्ये असतं. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर व्यास. म्हणजे २४ फ्रेंचची शीथ बाहेरून ८ मिलिमीटरची. आकडा वाढला की नळी जाड होते, सुईच्या गेजच्या बरोबर उलट. नव्या लोकांची गफलत इथेच होते, कारण १८ गेजची सुई आणि १८ फ्रेंचचा कॅथेटर एकाच ट्रॉलीवर असतात.

फोलीच्या, म्हणजे आत फुगा असलेल्या लघवीच्या कॅथेटरच्या, व्हॉल्व्हचा रंग पाठ असेल तर पाकीट उलटंपालटं करावं लागत नाही: १४ हिरवा, १६ केशरी, १८ लाल, २० पिवळा, २२ जांभळा, २४ निळा.

४. दुर्बिणीचा संच जोडून बघा

सिस्टोस्कोप ही एक वस्तू नाही, चार-पाच भागांची जोडणी आहे.

टेलिस्कोप: ४ मिलिमीटर जाडीची काचेची दुर्बीण. मूत्रमार्ग बघायला ० अंश, मूत्राशयात काम करायला ३० अंश, कोपरे बघायला ७० अंश. अंश दांड्यावर कोरलेले असतात. बऱ्याच संचांत रंगाची पट्टीही असते, पण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. आकडाच वाचा.

शीथ: बाहेरची धातूची नळी, साधारण १७ ते २५ फ्रेंच. तुकडे बाहेर यायचे तर हिच्यातूनच.

ऑब्ट्युरेटर: शीथ आत घालताना तिचं तोंड बंद करणारा दांडा. तो नसेल तर शीथच्या कडेने मूत्रमार्ग सोलवटतो.

ब्रिज: शीथ आणि टेलिस्कोप यांना जोडणारा तुकडा. वर्किंग चॅनेल याच्यावर असतो.

सोबत लाइट केबल, कॅमेरा हेड, पाण्याची नळी, आणि मूत्रमार्ग अरुंद निघाला तर धातूचे डायलेटर व २ टक्के लिग्नोकेन जेली.

हे सगळं पेशंट यायच्या आधी एकदा जोडा, कॅमेऱ्यातून पांढऱ्या गॉझकडे बघा, व्हाइट बॅलन्स करा. टेलिस्कोप नेहमी डोळ्याकडच्या जाड बाजूने धरायचा. टोकाकडून आडवा उचलला तर आतल्या काचा सरकतात आणि पडद्यावर एका कडेला काळा चंद्र दिसायला लागतो. लाइट केबल सुटी झाली की लाइट सोर्स ताबडतोब स्टँडबायवर. केबलचं टोक ड्रेपवर पडलं तर ड्रेप जळतो, आणि ड्रेपखाली पेशंट असतो.

५. पाणी कोणतं, ते फळ्यावर लिहा

खडा फोडायला लेसर, न्यूमॅटिक किंवा अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर ०.९ टक्के नॉर्मल सलाइन. ते शरीराच्या द्रवाशी जुळतं, त्यामुळे थोडंफार शोषलं गेलं तरी सोडियम घसरत नाही.

घोळ होतो तो प्रोस्टेटचं काम सोबत असताना. मोनोपोलर कॉटरीने, म्हणजे करंटने कापणाऱ्या यंत्राने, प्रोस्टेट काढायची असेल तर सलाइन चालत नाही, त्यात करंट पसरून जातो, तिथे १.५ टक्के ग्लायसीन लागतं. बायपोलरला पुन्हा सलाइनच. साधारणपणे खडा आधी काढतात, कारण प्रोस्टेट कापल्यावर रक्ताने नजर धूसर होते. म्हणजे अर्ध्यात पाणी बदलायची वेळ येते. कोणत्या क्षणी कोणतं पाणी चालू आहे आणि किती बाटल्या गेल्या, हे फळ्यावर लिहीत जा. ग्लायसीन जास्त शोषलं गेलं तर सोडियम खाली येतं, पेशंट बेचैन होतो, गोंधळतो. भूलतज्ज्ञ तुमच्याकडे वळून ‘किती गेलं?’ विचारतील तेव्हा अंदाज सांगून चालत नाही.

बाटली मूत्राशयाच्या पातळीपासून साधारण ६० ते ८० सेंटिमीटर उंच टांगा. ‘पाणी कमी येतंय’ म्हटल्याबरोबर स्टँड वर चढवायची सवय लावून घेऊ नका. आधी नळी मुडपली आहे का, बाटली संपली आहे का, शीथचा नळ उघडा आहे का ते बघा. पाणी शरीराच्या तापमानाला आणलेलं असावं. गार पाण्याने म्हातारी माणसं टेबलावर कुडकुडतात.

आत गेलेलं पाणी आणि बाहेर आलेलं पाणी यांचा ताळमेळ ठेवा. आत जास्त जातंय, बाहेर कमी येतंय आणि ओटीपोट फुगतंय असं दिसलं तर तेव्हाच बोला. मूत्राशयाला भोक पडल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि पडद्याला डोळे लावून बसलेल्या सर्जनच्या आधी ते तुम्हाला दिसतं.

६. लिथोटॉमी पोझिशन

या पोझिशनचं नावच खडा काढण्याच्या ऑपरेशनवरून आलं आहे. दोन्ही पाय एकाच वेळी, दोघांनी मिळून उचलायचे. एकेक उचलला तर कंबर पिळवटते. स्टिरपला जिथे गुडघ्याच्या बाहेरची बाजू टेकते तिथे पॅड हवंच. त्या हाडावरून जाणारी नस दबली तर नंतर पाऊल वर उचलता येत नाही. पाय खाली आणताना भूलतज्ज्ञांना सांगून, सावकाश आणा. रक्त एकदम पायांकडे उतरतं आणि बीपी पडतं. कुल्ले टेबलाच्या कडेला नीट आलेले हवेत, नाहीतर दुर्बीण खाली झुकवायला जागा राहत नाही.

७. फोडायची अवजारं

स्टोन पंच आणि लिथोट्राइट. ही हाताने चालवायची. पुढे जबडा, मागे मूठ. मूठ दाबली की जबडा मिटतो आणि खडा चुरडला जातो. माउरमायर पंच साधारण २५ फ्रेंचच्या शीथमधून जातो, आणि पंच काढला की त्याच शीथमधून तुकडे धुऊन काढता येतात. खडा साधारण २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि फार टणक नसेल तरच याचा उपयोग. देण्याआधी जबडा उघडून-मिटून बघा. आधीच्या केसची बारीक रेती बिजागरीत अडकलेली असली तर जबडा पूर्ण मिटत नाही, आणि न मिटलेला जबडा बाहेर येताना मूत्रमार्ग फाडतो.

पंच वापरताना मूत्राशयात थोडं पाणी भरलेलं ठेवतात, साधारण १५० ते २०० मिलिलिटर. रिकाम्या मूत्राशयाची भिंत सैल पडते आणि खड्याबरोबर जबड्यात येते. ‘पाणी बंद’ म्हटलं की बंद आणि ‘चालू’ म्हटलं की चालू, यात उशीर का चालत नाही ते यावरून कळेल.

न्यूमॅटिक लिथोट्रिप्टर. दाबाच्या हवेने आतली गोळी मागेपुढे होते आणि धातूच्या प्रोबचं टोक खड्यावर ठोके मारतं. रस्ता फोडणाऱ्या ड्रिलसारखंच, फक्त आकाराने इवलंसं. टणक खड्याला उत्तम, उष्णता तयार होत नाही. अडचण अशी की मूत्राशयात खडा मोकळा असतो आणि ठोका बसला की घरंगळत जातो. सर्जन त्याला भिंतीशी अलगद दाबून धरतात. भिंतीला प्रोब लागला तर खरचटून रक्त येतं.

आणि इथे नव्या लोकांचा हमखास पडणारा खड्डा आहे. न्यूमॅटिकचा प्रोब सरळ आणि कडक असतो. साध्या सिस्टोस्कोपच्या ब्रिजवरचा वर्किंग चॅनेल तिरका असतो, त्यातून तो वळून जात नाही. त्याला सरळ चॅनेल असलेली, डोळा एका बाजूला काढलेली दुर्बीण लागते: नेफ्रोस्कोप (किडनीची दुर्बीण) किंवा त्या धाटणीचा सिस्टोलिथोस्कोप. यादीवर न्यूमॅटिक असेल आणि ट्रॉलीवर फक्त सिस्टोस्कोप असेल, तर पेशंट भुलीखाली असताना सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहतात. प्रोब आणि दुर्बीण आधी ट्रॉलीवरच एकमेकांत घालून बघा. हवेचा दाब आणि पायाचा पेडलही तेव्हाच तपासा.

अल्ट्रासॉनिक. प्रोब पोकळ असतो. कंपनाने खडा भुगा होतो आणि भुगा त्याच पोकळीतून सक्शनने ओढला जातो. फोडणं आणि काढणं एकत्र, म्हणून मोठ्या, मऊ खड्यांना हे मला सर्वांत सोयीचं वाटतं. सक्शन तुंबला की प्रोब तापतो, तेव्हा सक्शनची बाटली आणि नळी आधी बघा. यालाही सरळ चॅनेलच लागतो.

लेसर. होल्मियम लेसरची तरंगलांबी साधारण २१०० नॅनोमीटर, ती पाण्यात झटकन शोषली जाते आणि टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत तिचा जोर संपतो. म्हणून पाण्यात काम करायला ती सुरक्षित मानतात. नवीन थुलियम फायबर लेसर १९४० नॅनोमीटरचा. फायबर लवचीक असल्यामुळे साध्या सिस्टोस्कोपच्या तिरक्या चॅनेलमधूनही जातो. मूत्राशयासाठी बहुधा जाड फायबर मागतात, ५५० मायक्रॉनचा. तो डुगडुगू नये म्हणून काही जण ५ किंवा ६ फ्रेंचच्या उघड्या तोंडाच्या युरेटेरिक कॅथेटरमधून घालतात. तो जवळ ठेवा.

लेसर चालू करण्याआधी: त्या तरंगलांबीचे चष्मे सगळ्यांना, दाराबाहेर पाटी, आणि यंत्र स्टँडबायवर. फायबरचं टोक दुर्बिणीच्या बाहेर पडद्यावर दिसल्याशिवाय ‘रेडी’ करू नका, नाहीतर खड्याऐवजी टेलिस्कोपची काच फुटते. कॉटरीचा पेडल आणि लेसरचा पेडल शेजारी ठेवायचे नाहीत.

कमी ऊर्जा आणि जास्त फ्रिक्वेन्सी ठेवली की भुकटी होते. जास्त ऊर्जा, कमी फ्रिक्वेन्सी ठेवली की तुकडे पडतात. सर्जन आकडा सांगतील तो मोठ्याने परत म्हणा, मगच बटण दाबा.

इलेक्ट्रोहायड्रॉलिक यंत्र अजून एखाद्या कपाटात असेल. ठिणगीने काम करतं, भिंतीजवळ धोकादायक. आता क्वचितच निघतं.

८. तुकडे काढायची अवजारं

पडद्यावर खड्याचा चुरा झालेला दिसतो, सगळे सैलावतात, आणि नवा माणूस कॉटरी गुंडाळायला लागतो. थांबा. एखादा तुकडा राहिला तर त्याच्याभोवती पुन्हा थर चढतात, किंवा तो मूत्रमार्गात येऊन अडकतो आणि पेशंटला रात्री लघवी होत नाही.

एलिक इव्हॅक्युएटर म्हणजे वर रबराचा फुगा आणि खाली तुकडे साठायला काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं. तो सलाइनने काठोकाठ भरायचा. भरताना तिरपा धरा, फुगा दाबून सोडा, बुडबुडे वर येऊ द्या, पुन्हा भरा. हवा राहिली तर ती मूत्राशयाच्या वरच्या भिंतीला जाऊन बसते आणि सर्जनला दिसेनासं होतं. टेलिस्कोप काढला की शीथच्या तोंडाला एलिक घट्ट बसवतात, फुगा दाबतात, सोडतात. पाणी आत जाऊन वावटळ उठते, परत येताना तुकडे घेऊन येते, आणि जड असल्यामुळे ते खालच्या भांड्यात टिकटिक आवाज करत पडतात. फुगा सोडल्यावर परत फुगला नाही तर शीथच्या तोंडाशी मूत्राशयाचं अस्तर ओढलं गेलं आहे किंवा मोठा तुकडा अडकला आहे. जोर न लावता शीथ जराशी मागे घेतली की सुटतं. भोक पडल्याची शंका असेल तर एलिक वापरत नाहीत.

टूमी सिरिंज ही मोठ्या तोंडाची, साधारण ७० मिलिलिटरची. रक्ताच्या गुठळ्या ओढायला एलिकपेक्षा बरी. दोन्ही ठेवा.

ग्रास्पिंग फोरसेप्स एकेक तुकडा पकडून काढायला. इथे शीथचं माप आठवा: २२ फ्रेंचच्या शीथचा बाहेरचा व्यास जेमतेम ७ मिलिमीटर, आतली पोकळी त्याहून कमी. त्यापेक्षा मोठा तुकडा पकडून ओढला तर तो शीथच्या तोंडाशी अडतो. जबरदस्ती केली तर मूत्रमार्गाची इजा, आणि पुढे स्ट्रिक्चर, म्हणजे मार्ग अरुंद होणं. अशा वेळी तुकडा परत सोडून पुन्हा फोडायचा असतो, म्हणून शेवटचा तुकडा बाहेर येईपर्यंत लेसर किंवा न्यूमॅटिक बंद करून ढकलून द्यायचं नाही.

शेवटी सर्जन ७० अंशाचा टेलिस्कोप मागतील, कोपरे आणि डायव्हर्टिक्युलम (मूत्राशयाच्या भिंतीला आलेली पिशवी) तपासायला. तो हाताशी असू द्या.

९. पीसीसीएलची जास्तीची ट्रॉली

लहान मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, किंवा खडे मोठे आणि बरेच असतात, तेव्हा ही वाट घेतात. मूत्राशय भरून फुगवतात, दुर्बिणीने किंवा सोनोग्राफीने बघत १८ गेजची सुई घालतात, त्यातून ०.०३५ इंचाची गाइडवायर, तिच्यावरून डायलेटर, आणि शेवटी ॲम्प्लाट्झ शीथ, साधारण २४ ते ३० फ्रेंच. मग नेफ्रोस्कोप आणि मोठा स्टोन फोरसेप्स. वाट रुंद असल्याने तुकडे मोठे निघतात आणि वेळ वाचतो.

गाइडवायरचं मागचं टोक कायम कुणाच्या तरी हातात हवं. ओटीपोटाचं आधीचं ऑपरेशन झालं असेल तर आतडं चिकटलेलं असू शकतं. जुना व्रण दिसला आणि फाईलमध्ये उल्लेख नसेल तर विचारा.

१०. ओपनची ट्रॉली

खडा फार मोठा, फार टणक, किंवा सोबत मोठी प्रोस्टेट वा डायव्हर्टिक्युलम काढायचं असेल तर ओपन. नेहमीचा लॅपरोटॉमी सेट असतोच. त्यात हे वाढवा: सेल्फ-रिटेनिंग रिट्रॅक्टर, ॲलिस आणि बॅबकॉक (भिंत पकडायचे चिमटे), स्टोन होल्डिंग फोरसेप्स, स्कूप, विरघळणारे २-० आणि ३-० टाके, कॅथेटर, ड्रेन, आणि मूत्राशय भरायला सलाइनसह मोठी सिरिंज.

छेद घेण्याआधी कॅथेटरमधून मूत्राशय २०० ते ३०० मिलिलिटरने भरतात, म्हणजे ते वर येतं आणि पेरिटोनियम, म्हणजे पोटाचं आतलं आवरण, बाजूला सरकतं. भिंतीवर दोन स्टे सुचर (भिंत ताणून धरायचे टाके) घेतले की सक्शन हातात घ्या. भिंत उघडताच पाणी उसळतं.

मूत्राशयात न विरघळणारा धागा कधीही द्यायचा नाही. सिल्क किंवा प्रोलीनचा टाका आत राहिला तर त्यावरच पुढचा खडा तयार होतो. सर्जन बोलण्याच्या ओघात ‘टू-झीरो द्या’ एवढंच म्हणाले तरी तुम्ही ‘व्हिक्रिल टू-झीरो’ असं उच्चारून द्या.

११. कॅथेटर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर रक्त नसेल तर साधा टू-वे फोली पुरतो. रक्त असेल किंवा प्रोस्टेट काढली असेल तर थ्री-वे (धुण्यासाठी तिसरी वाट असलेला), २० ते २४ फ्रेंच, आणि सलाइन सतत चालू. फुग्यात निर्जंतुक पाणी भरा. सलाइनचे स्फटिक झाले तर काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. किती मिलिलिटर भरलं ते नोटवर लिहा. वॉर्डातल्या सिस्टरना तोच आकडा लागतो.

१२. खडा पाठवणं आणि अवजारं धुणं

खडा तपासणीला कोरड्या, स्वच्छ डबीत जातो. बायोप्सीच्या सवयीने फॉर्मलिनमध्ये टाकू नका, रासायनिक तपासणी बिघडू शकते. कल्चरही हवं असेल तर एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक डबीत. डबीवर नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख तिथल्या तिथे लिहा. पेशंट खडा बघायला मागतातच, तेव्हा पाठवण्याआधी सर्जनना विचारून दाखवा.

अवजारं सुकू देऊ नका. शीथ, पंच, एलिक सगळं सुटं करून, चॅनेलमधून ब्रश फिरवून धुवा. पंचाचा जबडा वाहत्या पाण्याखाली उघडमीट करा. बिजागरीतली रेती बोटाला लागते. टेलिस्कोपवर ‘ऑटोक्लेव्ह’ लिहिलेलं नसेल तर तो ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवत असाल तर उत्पादकाने दिलेला वेळ पाळा आणि निर्जंतुक पाण्याने भरपूर खळबळा. ऑर्थोथॅलाल्डिहाइड, म्हणजे ओपीए, वापरत असाल तर आधी विचारा: मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी वारंवार दुर्बीण होणाऱ्या पेशंटमध्ये त्याने तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणारी दुर्बीण त्यात बुडवायची नसते. तीच दुर्बीण उद्या कुणासाठी निघणार हे तुम्हाला आज माहीत नसतं, त्यामुळे युरॉलॉजीचा संच ओपीएपासून लांबच ठेवलेला बरा.